गाडीचा दम

मोटारीची ताकद कमी झाली की आपल्याकडे म्हणतात, "पिकअप गेला." गॅरेजवाला म्हणतो, "गाडी खींच नहीं रही." आमच्या अम्मीचा शब्द वेगळा आहे. ती म्हणते, "गाडी दमली." महाडच्या पलीकडच्या आमच्या गावात चढावर थांबलेल्या बैलाला आणि जिना चढून धापा टाकणाऱ्या म्हाताऱ्याला जो शब्द लावतात, तोच तिनं गाडीला लावला. मला वाटतं तिघांत तिचाच शब्द खरा आहे. कारण पिकअप गेला म्हटलं की तो कुठं गेला हे शोधायला निघण्याऐवजी आपण नवा आणायला निघतो. दमला म्हटलं की आधी विचारावंसं वाटतं, का बाबा, काय झालं?

ताप हा जसा रोग नसतो, रोगाची खूण असते, तसंच हे. ताकद कमी होणं हा बिघाड नाही, ती तक्रार आहे. बिघाड वीस ठिकाणी असू शकतो.

गाडी माझी नाही, भाईजानची. २००५ सालची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. तरुण वाचकांना हे नाव कदाचित माहीत नसेल, पण ज्यांची आता चाळिशी उलटली आहे आणि ज्यांना मोटारींचं वेड होतं त्यांना विचारा. १.८ लिटरचं पेट्रोल इंजिन, चारच सिलिंडर, पण प्रत्येक सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, वर टर्बो, आणि ताकद १५० अश्वशक्ती. अब्बांच्या मारुती ८०० मध्ये चाळिशीच्या आतले घोडे होते आणि त्या घोड्यांवर आम्ही सहा जण बसून गावी जायचो. त्या काळात १५० म्हणजे काय हे आज सांगून कळणार नाही. याच कुळातलं इंजिन ऑडीच्या ए-४ मध्ये होतं, टीटीमध्ये होतं, फोक्सवॅगनच्या गोल्फ आणि पसाटमध्येही होतं. आणि ऑक्टाव्हिया २००१ पासून औरंगाबादजवळ शेंद्र्याला जोडली जायची, म्हणजे चेक आडनावाची असली तरी आमच्यासाठी ती मराठवाड्याची लेक.

भाईजान कुवेतमध्ये असतो. २०१२ साली दहा वर्षांच्या बचतीतून त्यानं ही गाडी वाशीतल्या एका डॉक्टरांकडून घेतली, एमएच ४३ पाटीसकट. वर्षातून तीस दिवस तो ती चालवतो. उरलेले ३३५ दिवस ती नेरुळच्या आमच्या इमारतीखाली कव्हर पांघरून उभी असते, आणि आठवड्यातून दोनदा मी तिला फिरवून आणतो. फोनवर आधी अम्मीची चौकशी, मग मुलांची, मग गाडीची. क्रम कधी बदलत नाही, पण गाडीच्या वेळी आवाज बदलतो.

गेल्या जूनमध्ये अम्मीला घेऊन गावी निघालो होतो. मुंबई-गोवा महामार्गावर इंदापूर ते माणगाव हा टप्पा ज्यांनी काढलाय त्यांना रस्त्याचं वर्णन सांगायला नको. चौपदरी रस्ता येतो आणि जातो, आणि जिथं जातो तिथं टँकरच्या मागे पंधरा गाड्यांची माळ असते. पुढे लांबपर्यंत रस्ता मोकळा दिसत होता. तिसरा गिअर टाकून मी टँकरच्या बाजूला काढली. ही गाडी अशा वेळी पाठीला सीटमध्ये ढकलते, तेरा वर्षांत तिनं कधी नाही म्हटलं नव्हतं. त्या दिवशी आवाज चढला, मागून काळपट धूर निघाला आणि गाडी टँकरच्या मधल्या चाकापाशी तरंगत राहिली. समोर वळणातून एसटी आली. ब्रेक दाबून मी परत टँकरच्या मागे आलो. अंतर पुरेसं होतं, कुणाला काही झालं नाही. अम्मी काही बोलली नाही. तिच्या हातातली तसबीह थांबली होती, ती माणगाव स्टँडपर्यंत परत सुरू झाली नाही. मग म्हणाली, "गाडी दमली रे. आता हळू चल."

जोरदार गाडीची ताकद जाणं हे साध्या गाडीपेक्षा जास्त धोक्याचं, ते यामुळं. मारुती ८०० मध्ये बसलेला माणूस टँकरला ओलांडण्याआधी दहादा विचार करतो. इथं पायाला एक सवय लागलेली असते. शंभर वेळा मिळालेलं उत्तर एकशे एकाव्या वेळी मिळत नाही, आणि ते नेमकं रस्त्याच्या चुकीच्या बाजूला असताना कळतं.

परत आल्यावर गाडी एका चकचकीत वर्कशॉपमध्ये नेली. काचेची केबिन, कॉफीचं मशीन, टॅबलेट हातात घेतलेला मुलगा. त्यानं कॉम्प्युटर जोडला, पाच मिनिटांत काढला आणि म्हणाला, टर्बो गेला. नवा टर्बो, गॅस्केट, मजुरी धरून १ लाख ४० हजार. बोनट उघडलं होतं, पण एकही पाना लागला नव्हता. मी कॉम्प्युटरनं काय दाखवलं ते लिहून मागितलं. त्यानं कागदावर आकडा लिहून दिला, १७७०५.

रात्री भाईजानला फोन केला. तो बराच वेळ गप्प राहिला. मग जे सांगायचं तो महिनाभर टाळत होता ते सांगितलं. कंपनीनं करार वाढवलेला नाही. डिसेंबरात तो कायमचा परत येतोय. पंचवीस वर्षांचं बिऱ्हाड आवरून आणायचं, इथं पंचेचाळिशीनंतर काहीतरी सुरू करायचं, मुलीचं इंजिनीअरिंगचं दुसरं वर्ष. "एक लाख चाळीस हजार त्या गाडीवर नाही घालता येणार," तो म्हणाला. "भंगारवाल्याला विचार काय देतो ते." वर नोव्हेंबरात गाडीला वीस वर्षं पूर्ण होणार होती. पंधरा वर्षांनंतर पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून घेतलेली, ती संपत होती, आणि ती परत वाढवायची तर आरटीओचा खर्च वेगळा. पुढे ऑगस्टमध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींचं नूतनीकरण शुल्क १०,००० रुपये झालं, ते आणखी निराळं.

मी भंगारवाल्याला विचारलं नाही. तुर्भ्याला उस्तादांकडे गेलो.

नवी मुंबई म्हटली की लोकांना पाम बीच रोड, सेक्टरचे आकडे आणि उंच इमारती आठवतात. पण सिडकोनं १९७० नंतर आखलेल्या या शहराचं पोट ठाणे-बेलापूर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आहे. एमआयडीसीचे कारखाने, एपीएमसीचा बाजार, कळंबोलीचं लोखंड आणि ट्रक. जिथं ट्रक तिथं मिस्त्री. उस्तादांचा गाळा अशाच एका गल्लीत, एका बाजूला रेडिएटरवाला आणि दुसऱ्या बाजूला पंक्चरवाला. ते मूळचे औरंगाबादचे, साठीच्या पुढचे, बोली पक्की दखनी. चष्मा जाड, आणि स्कॅनरच्या पडद्यावरची बारीक अक्षरं त्यांना दिसत नाहीत, म्हणून ती वाचायला आयटीआय झालेला एक चेला. चेला आकडे मोठ्यानं वाचतो, उस्ताद डोळे मिटून ऐकतात. बघणाऱ्याला गंमत वाटते.

मी १ लाख ४० हजारांचं सांगितल्यावर ते हसले नाहीत की त्या वर्कशॉपला नावंही ठेवली नाहीत. कागद चेल्याकडे दिला. चेल्यानं आकडा शोधून अर्थ वाचला: टर्बो आणि थ्रॉटल यांच्या दरम्यान दाब कमी होतोय.

"दरम्यान," उस्ताद म्हणाले. "उन्होंने टर्बो पढ्या, आगे पढ्याच नई."

मग प्रश्न सुरू झाले. मला आमच्या लहानपणच्या हकीमसाहेबांची आठवण झाली, जे नाडीला हात लावण्याआधी अर्धा तास नुसतं विचारायचे. इंजिन थंड असताना होतं की गरम झाल्यावर? रिकाम्या गाडीत की भरलेल्या? उभ्या गाडीत इंजिन थरथरतं का? कितव्या फेऱ्यांना ताकद संपते? आवाज चढतो पण वेग चढत नाही, असं होतं का? (तसं असेल तर क्लच सरकतोय, इंजिनाकडे बघायचंच नाही.) धूर कोणत्या रंगाचा? निळा असेल तर तेल जळतंय, पांढरा राहत असेल तर पाणी, काळा असेल तर पेट्रोल जास्त आणि हवा कमी. काळा, मी म्हणालो. सीटी वाजल्यासारखा किंवा फुसफुस आवाज येतो का? येतो, जोर दिला की येतो, पाय काढला की बंद.

त्यांनी मान हलवली, पण बोनट उघडलं नाही. गाडी घेऊन मला सानपाड्यापर्यंत फेरी मारायला लावली आणि परत आल्यावर चारही चाकांजवळ हात नेऊन बघितला. मागचं डावं चाक बाकीच्यांपेक्षा गरम होतं. हँडब्रेकची यंत्रणा गंजून ब्रेक पूर्ण सुटत नव्हता. हवा भरली, ब्रेक सोडवला. "पहले ये देखना. बैल की टांग बंधी है और तुम चारा बदल रहे." ताकद कमी होण्याच्या तक्रारीत किती गाड्या नुसत्या अडकलेल्या ब्रेकवर येतात हे ते बोटांवर मोजून सांगत होते, पण तो विषय इथं पुरे.

आता मुख्य गोष्ट. इंजिनाला चार गोष्टी लागतात: हवा, इंधन, ठिणगी आणि सिलिंडरमधला दाब. यातली हवा सगळ्यात महाग. पेट्रोल हवं तेवढं ओतता येतं, पण ते जाळायला वजनानं सुमारे पंधरा पट हवा लागते, आणि ती इंजिनाला स्वतःच्या श्वासानं आत ओढावी लागते. आल्फ्रेड ब्युखी या स्विस इंजिनीअरनं १९०५ साली पेटंट घेतलं ते याच अडचणीवर. धुराड्यातून वाया जाणाऱ्या गरम वायूवर एक चक्र फिरवायचं, त्याच दांड्यावर दुसरं चक्र बसवायचं आणि त्यानं बाहेरची हवा कोंबून इंजिनात भरायची. पुढे विमानं उंचावर जाऊन दमायला लागली तेव्हा या कल्पनेची किंमत कळली. १९१८ साली अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यानं एक विमानाचं इंजिन पाइक्स पीक या डोंगरावर, १४,००० फुटांवर, ओढून नेलं आणि विरळ हवेतही टर्बो लावून त्याची गेलेली ताकद परत आणून दाखवली. म्हणजे ताकद जाणं आणि टर्बो यांचं नातं असं जुनं आहे. टर्बो जन्मलाच दमलेल्या इंजिनासाठी.

आमच्या इंजिनात टर्बो हवा कोंबतो, ती तापते, म्हणून पुढच्या चाकाच्या कोनाड्यातल्या इंटरकूलरमधून थंड होऊन थ्रॉटलपाशी येते. या सगळ्या वाटेवर रबराचे पाइप, क्लिपा आणि एक डायव्हर्टर व्हॉल्व्ह. वीस वर्षांचं रबर, खाडीची खारी हवा, पावसाळ्यात साचणारं पाणी. इंजिनात शिरलेली हवा मोजणारा सेन्सर टर्बोच्या आधी बसलेला असतो. तो कॉम्प्युटरला सांगतो, एवढी हवा गेली. कॉम्प्युटर तेवढ्या हवेचं पेट्रोल सोडतो. पण वाटेत पाइप फुटला असेल तर मोजलेली हवा पोचतच नाही, पेट्रोल मात्र पूर्ण पोचतं. म्हणून काळा धूर. आणि उभ्या गाडीत दाबच नसतो, त्यामुळं इंजिन शहाण्यासारखं गुरगुरत राहतं. माझी तिन्ही लक्षणं एका ओळीत बसली तेव्हा मला, खोटं का बोला, आनंदच झाला.

उस्तादांना आनंदात रस नव्हता. "पक्का करना," ते म्हणाले.

आधी टर्बो. इंजिन थंड झाल्यावर पुढचा पाइप काढून त्यांनी दोन बोटांनी चक्राचा दांडा हलवून बघितला. बाजूला किंचित हलला तर चालतं, तेलाच्या थरासाठी तेवढी जागा असतेच. आत-बाहेर हलला तर संपला. इथं बाजूला हलत होता, नव्यापेक्षा जरा जास्त. आत-बाहेर नाही. पाती शाबूत होती.

मग डायव्हर्टर व्हॉल्व्ह. त्याच्या नळीला त्यांनी औषधाच्या दुकानातली २० मिलिलिटरची सिरिंज लावली, दट्ट्या मागे ओढला आणि धरून ठेवला. आतला पडदा चांगला असेल तर दट्ट्या पुन्हा आत खेचला जातो, कारण पोकळी टिकते. इथं दट्ट्या जिथल्या तिथं सैल राहिला. पडदा फाटलेला. एक गुन्हेगार सापडला.

मला वाटलं संपलं. पण त्यांनी पीव्हीसी पाइपचं टोपण घेतलं, ज्याला मध्ये भोक पाडून ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवलेला होता, ते टर्बोच्या तोंडाला घट्ट बसवलं आणि शेजारच्या पंक्चरवाल्याची हवेची नळी आणली. दहा-बारा पीएसआय, त्याहून जास्त नाही. थोडी हवा इंजिनातून निघून जातेच, तिच्या आवाजाला फसायचं नाही. चेला प्लास्टिकच्या बाटलीतून साबणाचं पाणी एकेका सांध्यावर मारत गेला. इंटरकूलरच्या खालच्या पाइपाच्या पोटाला, जिथं डोळा पोचत नाही आणि फक्त आरसा पोचतो, तिथं बुडबुडे फुलले. लहान मुलं उडवतात तसे, भरभरून. वरून बघितलं तर पाइप धडधाकट. आतल्या तेलाच्या ओलाव्यानं रबर मऊ पडून बोटभर चीर गेली होती, आणि दाब आला की ती तोंड उघडायची.

दीड लाखाच्या मशीनला जे दिसलं नाही ते साबणाला दिसलं, असं लिहायचा मोह होतो, पण ते खरं नाही. मशीननं नेमकं सांगितलं होतं. ऐकणाऱ्याला वेळ नव्हता.

पाइप आणि व्हॉल्व्ह यायला आठवडा लागला. त्या आठवड्यात अम्मीला गावी जायचं होतं, चुलत बहिणीच्या घरी मयत झाली होती. ती एसटीनं गेली. "तू गाडीचं बघ," म्हणाली. तिला टोमणा मारायचा नव्हता, तरी मला लागलं.

नवे भाग बसल्यावर मोजणी करायला रविवारी पहाटे द्रुतगती मार्गावर गेलो. उस्ताद पुढच्या सीटवर, चेला मागे लॅपटॉप घेऊन. शहरात असली चाचणी करणं मला मान्य नाही. पाम बीचवर रात्री जी पोरं गाड्या पळवतात त्यांच्याबद्दल मला काडीची सहानुभूती नाही. खालापूरच्या टोलनाक्यावर गाडी थांबतेच, तिथून शून्यापासून शंभरपर्यंत कायद्यात राहून जोर लावता येतो, आणि लगेच पुढे बोरघाट लागतो. चढावर वेग कमी असला तरी इंजिनावर भार पूर्ण असतो, मोजायला त्याहून चांगली जागा नाही. रेल्वेलाही हे जुनं दुखणं ठाऊक आहे. १८६३ साली बोरघाटाची रेल्वे सुरू झाली तेव्हापासून चढ ३७ ला १, आणि आजही कर्जतला गाड्यांना मागून ढकलायला इंजिनं जोडतात. लोणावळा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर, तिथं हवेचा दाब खालच्यापेक्षा सुमारे सात टक्के कमी.

चेला आकडे वाचत होता. या गाड्यांच्या कॉम्प्युटरमध्ये ११५ नंबरचा एक रकाना असतो, त्यात किती दाब मागितला आणि किती मिळाला हे शेजारी शेजारी दिसतं. आधीच्या मोजणीत मागितलेला १५५० मिलिबार आणि मिळालेला १२८०, असं होतं. आता चेला म्हणाला, "मागितला १५५०, मिळाला १५३०." पाठ पुन्हा सीटला टेकली. मी भाईजानला फोन लावायला निघालो होतो.

"रुको," उस्ताद म्हणाले. "साडेचार हजार के ऊपर ले."

दुसऱ्या गिअरमध्ये चढावर साडेचार हजार फेऱ्यांच्या पुढे गाडी पुन्हा अडखळली. काळा धूर नाही, फुसफुस नाही. नुसता एक संकोच, बोलता बोलता माणूस शब्द विसरतो तसा. मला तो कदाचित जाणवलाही नसता.

हवा पोचली होती, मग आता कमी काय? काळा धूर नाही म्हणजे पेट्रोल जास्त नाही. परत आल्यावर त्यांनी पेट्रोलच्या नळीला दाबमापक जोडला, त्याची लांब नळी बोनटच्या फटीतून काढून मापक वायपरखाली काचेवर चिकटवला, तोंड आतल्या बाजूला. उभ्या गाडीत व्हॅक्युमची नळी काढल्यावर ३ बार, अगदी बरोबर. भार दिल्यावर टर्बोच्या दाबाबरोबर हा आकडा साडेतीनपर्यंत चढायला हवा. तो चढायच्याऐवजी २.४ वर आला.

इथं ई-२० चा विषय आलाच. हल्ली जुन्या गाडीचं काहीही बिघडलं की लोक इथेनॉलला शिव्या घालतात. उस्तादांचं मत जास्त मोजूनमापून होतं आणि मला ते पटतं. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत लिटरमागे ऊर्जा सुमारे एक तृतीयांश कमी. म्हणजे २० टक्के मिसळलं की शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के ऊर्जा कमी, आणि तेवढीच ताकद हवी तर तेवढं जास्त इंधन आत गेलं पाहिजे. कॉम्प्युटर ते ओळखून जास्त सोडायला बघतो. पंप जोमदार असेल तर कुणाला कळतही नाही. पण पंप आधीच काठावर असेल तर त्याचं पितळ उघडं पडतं. शिवाय इथेनॉल टाकीतला वर्षानुवर्षांचा चिकट गाळ सोडवतं, तो जाऊन बसतो फिल्टरमध्ये, आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. जुन्या गाड्या ज्या इंधनासाठी बनल्या ते पंपावर मिळेनासं व्हावं आणि मालकाला निवडायला काही ठेवू नये, हे काही बरं झालेलं नाही, असं माझं मत. पण "ई-२० मुळं झालं" म्हणून फाइल बंद करणं हे "टर्बो गेला" म्हणण्याइतकंच आळशी.

फिल्टर काढून उलटा केला. चहाच्या गाळासारखं पाणी आलं. नवा बसवल्यावर २.४ चे २.९ झाले. अजून साडेतीन नाहीत.

आता कोणीही पंप बदलला असता. मीही म्हणालो, वीस वर्षांचा पंप आहे, बदलून टाकू. उस्तादांनी मागची सीट उचलली, खालचं झाकण काढलं आणि चालू गाडीत पंपाच्या तोंडाशी व्होल्टेज मोजलं. बॅटरीपाशी १३.९. पंपापाशी १०.७. वाटेत तीन व्होल्ट कोण खातंय? तार तारेनं शोधत गेल्यावर अर्थची वायर सापडली, जिथं ती बॉडीला बोल्टनं धरलेली असते तिथं हिरवा गंज. मोरचूदासारखा रंग. कागदानं घासून, नवी वायर टाकून, वर ग्रीस लावून पुन्हा मोजलं: १३.४. दाबमापक साडेतीनवर गेला आणि तिथंच उभा राहिला. त्याच जुन्या पंपावर.

चार बिघाड, त्यातले काही एकमेकांच्या आड लपलेले, आणि वर अडकलेला ब्रेक. पाइप गळत होता तोवर पेट्रोल जास्तच वाटत होतं, त्यामुळं पंपाची उणीव दिसायला मार्गच नव्हता. एक बरा झाल्यावर दुसरा बोलायला लागला.

सगळं मिळून १३,६०० रुपये झाले, मजुरीसकट. मजुरी त्यांनी कमी लावली असं मला वाटलं आणि मी तसं म्हणालो. ते म्हणाले, शोधायचे पैसे कोणी देत नाही, लोक बदलायचे देतात, त्यामुळं सगळे बदलतात. हे त्यांनी तक्रारीच्या सुरात नाही, हवामान सांगावं तसं सांगितलं. गाळ्याचं भाडं वाढलंय. चेला संध्याकाळी इलेक्ट्रिक गाड्यांचा कोर्स करतोय आणि उस्तादांनीच त्याची फी भरली आहे.

पैसे देताना मी विचारलं, टर्बो मग एकदम ठीक आहे ना? त्यांनी दुसऱ्या कुणासारखं छातीठोकपणे हो म्हटलं नाही. दांडा जरा जास्त हलतोय, म्हणाले. तेल वेळेवर बदललं, जोरात चालवून आल्यावर लगेच बंद न करता मिनिटभर चालू ठेवली, तर दोन वर्षं, कदाचित चार. मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेणारी वस्तू आहे, कधीतरी जाणारच. त्या दिवशी मात्र ती गेलेली नव्हती.

पुढच्या रविवारी पुन्हा घाट. साडेपाच हजारांपर्यंत गाडी सरळ चढत गेली. अमृतांजन पूल जिथं होता तिथून जाताना, १८३० सालचा तो दगडी पूल २०२० च्या टाळेबंदीत पाडला, उस्तादांनी मान वर करून मोकळ्या आभाळाकडे बघितलं आणि काही बोलले नाहीत. चेल्यानं आकड्यांचा कागद छापून दिला, वर तारीख आणि किलोमीटर.

कागदाचा फोटो भाईजानला पाठवला. कुवेतमध्ये सकाळ असावी, लगेच फोन आला. अम्मी कशी आहे, मुलं कशी आहेत. मग म्हणाला, "१५४० खरंच मिळतोय?"

"मिळतोय."

"आणि वरचं? साडेपाच हजारांचं?"

"तेही."

बराच वेळ नुसता त्याच्या खोलीतल्या एसीचा आवाज येत राहिला. मग त्यानं विचारलं, वाशीच्या आरटीओत आधी वेळ घ्यावी लागते का, की फिटनेसला सरळ गाडी घेऊन गेलं तरी चालतं. मी म्हणालो, वेळ घ्यावी लागते, मी नोव्हेंबरची बघतो. "बघ," तो म्हणाला. "आणि उस्तादांना विचार टायमिंग बेल्टचं. शेवटचा बदलला त्याला पाच वर्षं होतील."

उस्तादांनी तो आधीच वहीत लिहून ठेवला होता.